व्यंगचित्रांवर पोट असलेल्या माणसाला प्रेरणा कोणाकडून मिळते?

तुम्ही लिहिलंय की बारावीनंतर चित्रकलेच्या कॉलेजात आहात, व्यंगचित्रकार व्हायचं पक्कं केलंय, पण मोबाइलवर रोज इतकी चित्रं डोळ्यांखालून जातात की कोणाचं बघून शिकावं हेच कळेनासं झालंय. जे रोज हेच काम करतात त्यांना कोण प्रेरणा देतं, असा तुमचा प्रश्न आहे. तो वाचल्यापासून दोन दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी कोल्हापूरचा. एका दैनिकासाठी रोजचं पॉकेट कार्टून काढतो, दिवाळी अंकांची हास्यचित्रं करतो, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो, आणि हंगामात लग्नपत्रिकांवरची नवरा-नवरीची अर्कचित्रंही. नावं सांगायच्या आधी मला २०१९ चा महापूर सांगावा लागेल, कारण चित्र बघायला मी खऱ्या अर्थानं त्यानंतर शिकलो.

आमचं घर शुक्रवार पेठेत, नदीच्या अंगाला. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी घरात शिरलं आणि बरेच दिवस हललं नाही. आम्ही परत आलो तेव्हा तळमजल्यावर घोटाभर गाळ होता आणि खालच्या कपाटातले माझे जुने दिवाळी अंक, वीस-पंचवीस वर्षं रद्दीवाल्यांकडून शोधून शोधून जमवलेले, फुगून विटांसारखे झाले होते. बायकोनं माळ्यावर दोऱ्या बांधल्या. आम्ही एकेक पान सुटं करून वाळत घालायला लागलो. तेव्हा एक गोष्ट दिसली. मुखपृष्ठं आर्ट पेपरची, ती ओली होऊन एकमेकांना अशी चिकटली होती की सोडवताना रंगाचे पापुद्रेच निघायचे. दीनानाथ दलालांनी रंगवलेली मुखपृष्ठं माझ्या हातात अशी फाटली. त्याचं वाईट अजूनही वाटतं. पण आतला कागद साधा, खरखरीत. तो वाळला, पिवळा पडला, सुरकुतला, आणि त्याच्यावरची रेषाचित्रं मात्र जशीच्या तशी राहिली.

एक पान सुटं करायला दोन-तीन मिनिटं लागायची. घाई केली की फाटलंच. म्हणजे प्रत्येक चित्राकडे दोन-तीन मिनिटं बघत बसण्यावाचून इलाज नव्हता. जी चित्रं मी वर्षानुवर्षं हसून उलटली होती, ती मी पहिल्यांदा नीट बघितली. आणि जे दिसलं ते असं, की या मोठ्या लोकांनी काय काढलंय यापेक्षा काय काढलेलं नाही, तिथे खरी कारागिरी आहे. तुम्हाला पुढे जी नावं सांगणार आहे, ती सगळी याच एका कारणासाठी.

पहिलं नाव वसंत सरवटे. जन्म १९२७ चा, कोल्हापुरातलाच. शिक्षणानं इंजिनिअर, आयुष्यभर सिमेंट कंपनीत नोकरी, आणि नोकरी सांभाळून हे एवढं काम. ‘ललित’ मासिकाची त्यांची मुखपृष्ठं, जयवंत दळवींच्या सदरासाठी काढलेला हातोडेवाला ठणठणपाळ, पुलंच्या पुस्तकांमधली चित्रं हे तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेलच, नाव माहीत नसलं तरी. त्यांना ‘रेषालेखक’ म्हणतात आणि तो शब्द अगदी चपखल आहे. त्यांची रेषा मिरवत नाही. बारीक, जराशी अडखळत जाणारी, बोलता बोलता विचार करणाऱ्या माणसासारखी. ओल्या पानांवर मी मोजत बसलो होतो: एका बैठकीच्या खोलीसाठी त्यांनी किती वस्तू काढल्यात? एक खुर्ची, तिचे दोन पाय, भिंतीवर एक चौकट. संपलं. बाकीची खोली मी माझ्या मनातून भरत होतो, आणि ती माझ्या मामाच्या घरातली खोली निघाली. तुम्ही बघाल तेव्हा तुमच्या ओळखीची कुठली तरी निघेल. सगळं फर्निचर काढलं असतं तर ते फक्त सरवट्यांच्या ओळखीचं घर राहिलं असतं.

आणखी एक. सरवट्यांची माणसं बसली की खरंच बसतात. ढुंगणाखालची खुर्ची दबलेली वाटते. उभा कारकून एका पायावर भार टाकून उभा असतो. हे चेहऱ्याच्या आधी घडतं. मी पूर्वी चेहऱ्यापासून सुरुवात करायचो, आता शरीराच्या भारापासून करतो. हसू नाकाच्या लांबीत नसतं, माणूस कसा उभा राहिलाय त्यात असतं, हे मला त्यांनी शिकवलं. त्यांनी व्यंगकलेवर पुस्तकंही लिहिली आहेत आणि ती गंभीरपणे लिहिली आहेत. हास्यचित्र म्हणजे लेखाच्या मधली रिकामी जागा भरणारी वस्तू, असं समजणाऱ्या प्रत्येकानं ती वाचावीत असं मला मनापासून वाटतं.

दुसरं नाव शि. द. फडणीस. जन्म १९२५, बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचा, शाळा कोल्हापुरात, मग मुंबईला जे. जे. स्कूल. फडणीसांचं ते गाजलेलं मुखपृष्ठ शोधून काढा: तरुणाच्या बुशशर्टावर मांजरांची नक्षी आणि शेजारच्या तरुणीच्या साडीवर उंदरांची. आता हे हळूहळू बघा. कपड्यावरची नक्षी ही चित्रातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. चित्रकार ती शेवटी, वेळ उरला तर भरतो. फडणीसांनी सगळा विनोद तिथे नेऊन ठेवला. दोघा माणसांना काहीच करायला लावलं नाही. खाली एक शब्द नाही. त्या दोघांच्या मनात काय चाललंय ते आपलं आपल्याला कळतं, आणि कळल्याचा आनंद आपला असतो. तिथे एक ओळ जरी लिहिली असती, तरी तो आनंद हिरावला गेला असता.

गणितासारख्या विषयाच्या शालेय पुस्तकांसाठीही त्यांनी चित्रं काढली. मुलांसाठी काम करताना मी नेहमी त्यांच्याकडे परत जातो, कारण मुलाला चित्रातलं काही समजावून सांगावं लागलं तर ते चित्र चुकलं.

शब्दांशिवाय चित्र बोलायला लावणारे हे दोघे, आणि दोघांचंही बालपण या एका गावाशी बांधलेलं. कोल्हापुरात बसून काम करणाऱ्या माणसाला याचा किती आधार वाटतो ते सांगता येणार नाही. मुंबईला गेल्याशिवाय काही होत नाही, असं आमच्या पिढीला सतत सांगितलं गेलं. ते दोघेही पुढे गाव सोडून गेले, हे खरंच. पण डोळा इथे तयार झाला.

आता तुम्ही ज्याची वाट बघत असाल ते नाव, आर. के. लक्ष्मण. त्यांच्याबद्दल सगळेच लिहितात, मी एकच सांगतो. १९५१ पासून त्यांचा ‘कॉमन मॅन’ टाइम्समध्ये येत राहिला, चौकड्यांचा कोट, धोतर, गोल चष्मा, आणि तो कधीही बोलला नाही. चित्राखाली ओळ असायची, बोलणारे दुसरे असायचे. ज्याच्या नावानं सगळं चाललंय त्याच्याच तोंडी शब्द नाहीत. वर्षानुवर्षं एवढा संयम ठेवणं किती अवघड असेल! मला आठवड्यातून तीनदा तरी मोह होतो, माझ्या पात्राला एक टोला हाणू द्यावा. तेव्हा लक्ष्मण आठवतात आणि मी संवादाचा फुगा खोडतो.

लक्ष्मण आणि बाळासाहेब ठाकरे हे एकेकाळी फ्री प्रेस जर्नलमध्ये एकत्र होते, आणि दोघांनीही ब्रिटिश वृत्तपत्रांत काम करणाऱ्या डेव्हिड लो यांना मानलं. लोची चित्रं बघितल्यावर त्या कुंचल्याच्या फटकाऱ्यांचं घराणं कळतं. जाड-बारीक होत जाणारी काळी रेषा, जिथे वजन तिथे जाड. शिकायला ती उत्तम, पण एक धोका सांगतो. लक्ष्मणांची रेषा इतकी मोहात पाडते की ती हाताला लागली की सुटत नाही. पंचविशीत मी सगळ्यांची नाकं त्यांच्यासारखी काढत होतो. एका संपादकांनी माझी चित्रं परत करताना एवढंच विचारलं, ‘ही माणसं कुठल्या गावची?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून मी लक्ष्मीपुरीच्या बाजारात वही घेऊन बसायला लागलो.

इथे थोडं विषयांतर, पण माझ्या दृष्टीनं हाच गाभा आहे. व्यंगचित्रकाराला प्रेरणा फक्त व्यंगचित्रकारच देतात असं नाही. मी शाळेत असताना सुट्टीत एका पेंटर काकांच्या हाताखाली असायचो. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची नावं, आणि कुस्तीच्या मैदानाचे मोठे बोर्ड. कोल्हापुरात पेंटर या शब्दाला वेगळाच मान आहे. बाबूराव पेंटरांनी इथे नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाचा कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आणला. आमचे काका त्यांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायचे. तर काका खासबागेतल्या मैदानासाठी एका पैलवानाचं चित्र करत होते, दहा फूट उंच. छोट्या फोटोवर चौकटी आखून बोर्डावर मोठ्या चौकटी मारलेल्या. मी दंड रंगवत होतो आणि तो काही केल्या जमत नव्हता, माणूस पोत्यासारखा दिसत होता. काका खालून बिडी ओढत म्हणाले, ‘दंड कशाला बघतोयस? दंड आन् कंबर, ह्यातली फट बघ. फट नीट सुटली की पैलवान आपसूक हुबा ऱ्हातोय बघ.’

मी शिडीवरून उतरलो, लांब गेलो, डोळे बारीक केले. हात आणि कमरेच्या मधून जे आभाळ दिसत होतं त्याचा आकार चुकला होता. मी पांढरा रंग घेऊन ते आभाळ दुरुस्त केलं. दंडाला ब्रशही लावला नाही, आणि पैलवान उभा राहिला.

पुस्तकांमध्ये याला मोठमोठी नावं आहेत. माझ्यासाठी तो शब्द ‘फट’ आहे. आजही रफ झालं की मी आधी फटी बघतो.

त्याच नजरेनं एकदा कोल्हापुरातल्या टाऊन हॉल म्युझियममध्ये जा आणि आबालाल रहिमान यांच्या चित्रांसमोर उभे राहा. जे. जे. मध्ये शिकून ते इथे परत आले आणि कोटीतीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा काठ हेच रंगवत राहिले. यात विनोद शोधू नका. एक माणूस त्याच त्याच तळ्याकडे पुन्हा पुन्हा जातो आणि दरवेळी त्याला नवं काहीतरी दिसतं, एवढं बघा. रोज चित्र द्यावं लागणाऱ्याला याची फार गरज असते. चौकात रोज तेच खड्डे, तोच ट्रॅफिक, तेच पुढारी. आबालालांकडे बघितलं की विषय संपलाय असं म्हणायची लाज वाटते. राजारामपुरीत चंद्रकांत मांढरे यांचं कलादालन आहे, तेही बघून घ्या. सिनेमातले चंद्रकांत ते हेच. पावडर शेडिंगनं, म्हणजे कोरडी पूड कागदावर घासून, त्यांनी काढलेली निसर्गचित्रं बघताना धुकं कसं ‘सोडायचं’ असतं ते कळतं.

धुक्यावरून गुलाल आठवला. काही वर्षांपूर्वी चैत्रात जोतिबाच्या यात्रेवर चित्र हवं होतं, दुसऱ्या दिवशीच्या अंकासाठी, काळं-पांढरं. डोंगरावर लाखो माणसं, आभाळाला टेकलेल्या सासनकाठ्या आणि सगळीकडे गुलाल. काळ्या शाईत गुलाल काढायचा कसा? मी टिंबं टिंबं दिली, पाऊस पडल्यासारखं दिसलं. आडव्या रेघा मारल्या, धूर झाला. रात्रीचे दहा वाजलेले. मी काम बाजूला सारून मारिओ मिरांडांचं पुस्तक उघडलं. मारिओ म्हणजे गर्दीचा राजा. गोव्यातल्या लोटलीच्या या माणसाच्या चित्रात शंभर माणसं असतात आणि प्रत्येकाचं स्वतःचं काहीतरी चाललेलं असतं. कोणीही नुसती जागा भरायला आलेला नसतो. त्यावरून मी खालची गर्दी सोडवली: एकाची चप्पल तुटलीय, एक पोरगं बापाच्या खांद्यावर झोपलंय, एक म्हातारी खोबऱ्याचे तुकडे वेचतेय. पण वरचं आभाळ तसंच राहिलं.

मग सांपे काढला. जाँ-जाक सांपे, फ्रेंच, २०२२ मध्ये गेले. न्यूयॉर्कर मासिकाची शंभराहून जास्त मुखपृष्ठं त्यांनी केली. त्यांच्याकडे केवढं मोठं शहर असतं आणि त्यात केवढासा माणूस! आणि मधे भरपूर मोकळा कागद. तो कागद रिकामा वाटत नाही, हवा वाटतो. ते बघता बघता डोक्यात लख्ख पडलं. मी गुलालाच्या जागचं सगळं खोडून टाकलं. खाली माणसं कमरेपर्यंतच काढली, वर सासनकाठ्यांचे फक्त शेंडे, आणि मधे कोरा कागद. काठ्या कोणी धरल्यात ते दिसतच नाही, गुलालानं गिळलेत ते सगळे. सकाळी गंगावेशीत चहाच्या गाड्यावर एकजण अंक पुढं करून म्हणाला, ‘गुलाल झ्याक उडवलायसा!’ त्या माणसाला तो पांढरा कागद गुलाबी दिसला होता. माझ्या कामातला त्याहून मोठा आनंद मला आठवत नाही.

सांपे आवडले तर सोल स्टाइनबर्गही बघा. जन्म रुमानियातला, शिक्षण इटलीत वास्तुकलेचं, नाव अमेरिकेत झालं. त्यांचं १९७६ चं न्यूयॉर्करचं मुखपृष्ठ, ज्यात मॅनहॅटनचे एक-दोन रस्ते तपशिलात आहेत आणि त्यापलीकडे उरलेलं सगळं जग एका पट्टीत मावलंय, ते जगभर नक्कललं गेलं. तिथे गाळणं हाच विनोद आहे. आमच्या गावाबद्दल असं एक चित्र मीही केलंय, तुम्हीही तुमच्या गावाचं करून बघा. आपल्याला काय महत्त्वाचं वाटतं ते कागदावर उघडं पडतं.

राजकीय चित्रं करणार असाल तर दोघांची नावं घेतो. फ्रान्सचे दोमिए, ज्यांना राजाची टर उडवल्याबद्दल १८३२ मध्ये तुरुंगात जावं लागलं आणि तरी पुढे चार हजारांच्या आसपास शिळाछापाची चित्रं त्यांनी केली. आणि आपले अबू अब्राहम. आणीबाणीत, डिसेंबर १९७५ मध्ये, त्यांनी राष्ट्रपतींना बाथटबमधून वटहुकमांवर सह्या करताना दाखवलं. चार रेषांचा टब, दारातून आत आलेला एक हात. पोलीस नाही, बेडी नाही, आणीबाणी हा शब्दही नाही. त्या काळात ते छापून आलं हे धाडस तर आहेच, पण मी त्या दारातल्या हाताकडे जास्त बघतो. हाताचा मालक काढलेला नाही. तो कोण हे तेव्हा प्रत्येक वाचकाला माहीत होतं.

तुमच्या मोबाइलच्या अडचणीबद्दल. मोबाइल वाईट असं मी म्हणत नाही, सांपेची कितीतरी चित्रं मी तिथेच पाहिली. पण अंगठा सरकतो आणि चित्र जातं. म्हणून एक करा. आठवड्याला एकच चित्र निवडा, प्रिंट काढा, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि रेषा गिरवू नका. फक्त रिकाम्या जागा पेन्सिलनं काळ्या करा. हात-कमरेमधली, खुर्चीखालची, दोन माणसांमधली. मग ट्रेसिंग पेपर उचलून नुसता तोच बघा. सरवट्यांच्या फटी आणि मारिओच्या फटी शेजारी ठेवल्या की दोन माणसांचे स्वभाव दिसतात. पहिल्या महिन्यात कंटाळा येईल, चालू ठेवा.

आणि शाई वॉटरप्रूफच घ्या. महापुरात माझी स्वतःची फाउंटन पेननं काढलेली दोन वर्षांची स्केचेस निळे डाग होऊन गेली. ड्रॉइंग इंकमध्ये निबनं केलेली गाळ धुतल्यावर तशीच निघाली.

पुस्तकं महाग वाटली किंवा मिळाली नाहीत तर वाचनालयात जा. आमच्याकडे करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, तुमच्या गावातही एखादं जुनं असेलच. साठ-सत्तरच्या दशकातले दिवाळी अंक मागा. दुपारी तीनच्या सुमाराला जा, तेव्हा गर्दी नसते आणि ग्रंथपालांना वरच्या फळीवरून काढून द्यायला वेळ असतो. सोबत कोरडं फडकं न्या, धूळ फार असते, आणि पानं कोपऱ्यातून न धरता मधून उलटा.